स्वारगेटचं दार कोण उघडतं?

स्वारगेटला गेट नाही. देशभक्त केशवराव जेधे चौक आहे, त्याच्या डोक्यावर उड्डाणपूल आहे, पोटात मेट्रोचं स्टेशन आहे, एका अंगाला एसटीचं स्थानक आणि दुसऱ्या अंगाला पीएमपीचं. नावाबद्दल असं सांगतात की पुण्याच्या दक्षिण वेशीवर इथे घोडेस्वारांची चौकी होती. येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस व्हायची, मगच आत सोडायचे. पुढे इंग्रजी अमदानीत त्या ‘स्वारा’ला ‘गेट’ चिकटलं. चौकी गेली, स्वार गेले, नाव तेवढं राहिलं.

या नावात दाराच्या आधी माणूस येतो, हे मला आवडतं. उघडायचं की नाही हे तो स्वार ठरवायचा. आज याच चौकातून दिवसभरात लाखभर तरी दारं उघडमिट करत जात असतील: कारची, रिक्षाची पडदेवजा, एसटीची, पीएमपीची, जमिनीखाली मेट्रोची. त्यातल्या बहुतेकांवरचा स्वार आता तांब्याची एक बारीक वायर आहे. ही वायर तिथवर कशी पोचली आणि ती तुटली की काय होतं, याची ही गोष्ट.

हँडलचा जमाना

१ जून १९४८ला पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. लाकडी बॉडीची बेडफर्ड. तिचं दार म्हणजे बिजागरी, कडी आणि कंडक्टरचा हात. दार लागलं की घंटीची दोरी ओढायची, दोन टोले पडले की ड्रायव्हर गिअर टाकायचा. पुढे कित्येक दशकं महाराष्ट्राने याच पद्धतीने प्रवास केला. दार नीट लागत नसेल तर ते सगळ्यांना दिसायचं, कारण ते खडखडायचं. कुणीतरी दोरीने बांधायचं आणि गाडी पुढच्या डेपोपर्यंत जायची.

कारचंही तेच. कुर्ल्याच्या कारखान्यातून येणारी प्रीमियर पद्मिनी घ्या. काच वर करायची तर हँडल फिरवायचं. कुलूप लावायचं तर प्रत्येक दाराची खुंटी दाबायची. चारही दारं बंद आहेत ना हे बघायला घरातल्या एखाद्या पोराला गाडीभोवती फेरी मारायला पाठवायचं. बिघाड झाला तर तो डोळ्याला दिसणारा असायचा: वाकलेला दांडा, गंजलेला खटका, दाते झिजलेलं काचेचं मशीन. ग्रीस आणि पाना घेऊन बसणारा कुठलाही मिस्त्री तो काढायचा. दाराला वीज लागत नव्हती, त्यामुळे वीज गेली तरी दाराचं काही बिघडत नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पिंपरीची तीन दारांची गाडी

अमेरिकेत हे आधीच बदललं होतं. १९४०च्या सुमारास पॅकार्ड कंपनीने बटणावर हलणाऱ्या काचा आणल्या. पण त्यात वीज फक्त पंप चालवायची आणि काच ढकलायचं काम दाबाखालचं तेल करायचं. प्रत्येक दारात विजेची स्वतंत्र मोटर बसली ती १९५१च्या क्रायस्लर इम्पीरिअलमध्ये. पाठोपाठ कुलपंही विजेवर आली. तिथे ती श्रीमंतांची हौस होती. आपल्याकडे तेव्हा गाडी मिळणं हीच चैन होती, त्यामुळे काचेच्या हँडलबद्दल तक्रार करायला कुणी बसलं नव्हतं.

मराठी मुलखात ही हौस उगवली ती स्वारगेटपासून पंधरा-वीस किलोमीटरवर. १९९१मध्ये टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरीच्या कारखान्यातून टाटा सिएरा बाहेर पडली. तीनच दारं, मागे छतापर्यंत वळलेली मोठी काच आणि पुढच्या दोन काचांना पॉवर विंडो. देशात बनलेल्या गाड्यांमध्ये ही सोय देणाऱ्या अगदी पहिल्या गाड्यांत तिची गणना होते. १९९८च्या अखेरीस टाटांची इंडिका आली आणि मध्यमवर्गाच्या दारात पूर्ण देशी बनावटीची कार उभी राहिली. विजेची बटणं आता श्रीमंतांपुरती राहणार नव्हती.

ज्यांच्या गाडीत कंपनीने ती दिली नव्हती, त्यांच्यासाठी बाजार होता. नाना पेठेत स्पेअर पार्ट्सच्या दुकानांतून सेंट्रल लॉकिंगचा किट मिळायचा: चार छोट्या मोटरी, एक काळी डबी आणि वायरींचं भेंडोळं. पुढच्या दाराच्या मोटरीला पाच वायरी, मागच्या दाराच्या मोटरीला दोनच. पाच वायरींची मोटर मास्टर. ती स्वतः हलते आणि आपण हललो हे डबीला कळवतेही. दोन वायरींची मोटर नुसती ताबेदार. तिच्यात करंट एका दिशेने गेला की दांडा खाली, उलट दिशेने गेला की वर. अर्ध्या सेकंदाचा खेळ. एका दाराला किल्ली लावायची आणि चारही खुंट्या एकदम ‘टक्’ करून बसायच्या. त्या ‘टक्’ आवाजासाठी लोकांनी पैसे मोजले.

आणि याच किटमधून शहरात एक धंदा वाढला. ऑटो इलेक्ट्रिशियन पूर्वी बॅटरी, डायनॅमो, हॉर्न आणि दिवे बघायचा. आता त्याला दाराचं पॅड उचकटून आत हात घालावा लागला.

दाराला मेंदू येतो

बटणं वाढली तशा वायरी वाढल्या. ड्रायव्हरच्या हाताशी चारही काचांची बटणं हवीत, तर तिथून प्रत्येक दारापर्यंत वायर हवी. आरशाची मोटर, दारातला स्पीकर, दार उघडं असल्याचा दिवा, प्रत्येकाची वेगळी वायर. दाराच्या बिजागरीजवळून जाणारी जुडी मनगटाएवढी जाड व्हायला लागली.

यावरचा तोडगा जर्मनीतल्या बॉश कंपनीने काढला. १९८६मध्ये त्यांनी कॅन नावाची पद्धत जगापुढे मांडली. कल्पना वाड्यातल्या हाकेसारखी आहे. प्रत्येक खोलीला वेगळी दोरी बांधण्यापेक्षा एकच सामाईक बोळ ठेवायचा, त्यात हाक मारायची, आणि ज्याची हाक त्याने ओ द्यायची. दोन वायरींवरून सगळे निरोप धावतात. ‘मागचं डावं दार लॉक कर’ हा निरोप सगळ्यांना ऐकू जातो, काम फक्त त्या दाराचं सर्किट करतं.

गाडी त्यामुळे शहाणी झाली. वेग वाढला की दारं आपोआप लॉक होऊ लागली, एअरबॅग फुटली की उघडू लागली. काच चढताना मध्ये बोट आलं तर मोटरवरचा वाढलेला भार ओळखून काच खाली यायला लागली. २०२०मध्ये किया कार्निव्हल भारतात आली तेव्हा बटण दाबल्यावर सरकणारं अख्खं दारच लोकांना बघायला मिळालं.

पण एक गोष्ट हातातून गेली. पूर्वी बटण थेट मोटरीशी बोलायचं. आता बटण एका डबीला विनंती करतं आणि डबी ठरवते. वेशीवर पुन्हा एक स्वार उभा राहिला, आणि तो कुठे बसलाय हे गाडीच्या मालकाला माहीत नसतं. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डखाली, गुडघ्याच्या आसपास असतो. पाणी गाडीत शिरलं तर लवकर पोचेल अशी ती जागा आहे.

२५ सप्टेंबरची रात्र

पुणेकर पुराची आठवण काढतात ती १२ जुलै १९६१च्या पानशेतची. तेव्हा शहरात मोटारी मोजक्या होत्या आणि त्यांची दारं हाताने उघडायची होती. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री धरण फुटलं नव्हतं. कात्रजच्या बाजूला तुफान पाऊस झाला आणि आंबिल ओढा फुगला. हा ओढा पुण्याच्या इतिहासातलं एक जुनं पात्र आहे. पेशवाईत नानासाहेबांच्या काळात त्याचा प्रवाह वळवला गेला. आज तो सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा स्वारगेटच्या पश्चिमेकडून मुठेला जाऊन मिळतो. त्या रात्री त्याने भिंती पाडल्या, वस्त्यांत आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरला, गाड्या खेळण्यासारख्या एकमेकींवर रचल्या. पुणे जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली.

गाडीत बसलेल्या माणसाच्या बाजूने या रात्रीचं एक साधं गणित करू. दार साधारण मीटरभर रुंद धरा. दाराच्या खालच्या कडेपासून अर्धा मीटर, म्हणजे मांडीपर्यंत, पाणी बाहेर चढलंय आणि आत अजून आलेलं नाही. त्या पाण्याचा दारावरचा एकूण जोर सव्वाशे किलोच्या वजनाएवढा भरतो. पाणी आणखी तेवढंच चढलं तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. कुलूप उघडं असलं तरी दार उघडत नाही ते यामुळे. म्हणून पूर आल्यावर दाराशी झटापट करण्यात वेळ घालवू नये. पट्टा सोडायचा आणि काच खाली करायची, लगेच. वीज असेपर्यंत काच खाली जाते. पाण्यात बुडाल्यावरही मोटरी काही काळ चालतात, पण किती काळ याची हमी कुणी देऊ शकत नाही. काच गेलीच नाही तर बाजूची काच कोपऱ्यात फोडायची. ती सहसा फुटून तिचा चुरा होतो. पुढची मोठी काच थरांची असते, तिच्या नादी लागायचं नाही.

आमच्या सोसायटीतल्या काकांची गाडी त्या रात्री पार्किंगमध्ये सीटपर्यंत बुडाली. माणूस आत नव्हता, एवढं नशीब. इन्शुरन्स झाला, गाडी वाळली, सुरू झाली, सगळे खूश. दोन महिन्यांनी दुखणं आलं. मागचं डावं दार रिमोटने लॉक होईना. दार घट्ट लावलं तरी डॅशबोर्डवर ‘दार उघडं’चा दिवा जळत राही. मध्यरात्री अलार्म बोंबलायचा आणि अख्खी इमारत जागी व्हायची. एका गॅरेजने मोटर बदलली. फरक पडला नाही. दुसऱ्याने मेन डबी बदलायला सांगितली आणि जो आकडा सांगितला तो ऐकून काकांनी गाडी विकायची तयारी केली.

शेवटी एक वयस्कर इलेक्ट्रिशियन आले. मी शेजारी उभा राहून बघत होतो, आणि त्या दीड तासात मला या सगळ्या इतिहासाचा अर्थ लागला.

“मोटर कुणी बदलायला सांगितली?” त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

“गॅरेजवाल्याने. मोटरच गेलीय म्हणाला.”

“आणि दिवा? मोटर गेली म्हणून दिवा कशाला जळेल, काका?”

इथेच अर्धं काम झालं होतं. दोन तक्रारी आहेत, तर दोघींची वाट कुठे एक होते ते बघायचं. बाकीची तीन दारं चालतायत, म्हणजे बॅटरी, फ्यूज आणि मेन डबीतला मोठा भाग ठीक आहे. तरी त्यांनी बॅटरीवर मीटर लावला. १२.५ व्होल्ट आले, ठीक. मग त्यांनी काकांना लॉकचं बटण दाबत राहायला सांगितलं आणि स्वतः ते दार सावकाश उघडत-मिटत राहिले. एखाद्या कोनात ‘टक्’ झालं असतं तर दुखणं बिजागरीजवळच्या रबरी नळीत. दार दिवसातून दहादा उघडलं तरी दहा वर्षांत छत्तीस हजार वेळा त्या नळीतली वायर वाकते. वरचं प्लॅस्टिक साबूत असतं आणि आत तांबं तुटलेलं असतं. ‘टक्’ झालं नाही.

मग दाराचं पॅड काढलं. मोटरीच्या कपलरवर मीटर लावला, बटण दाबलं. क्षणभर बारा व्होल्ट दिसले. मला वाटलं, करंट येतोय, म्हणजे मोटरच खराब. ते हसले. खिशातून टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे वायरला लावलेला छोटा बल्ब. तोच कपलर, तेच बटण. बल्ब मिणमिणलासुद्धा नाही.

“मीटर काही खात नाही, त्यामुळे त्याला उपाशी वायरपण भरलेली दिसते. बल्ब जेवतो. वाढून बघायचं असतं.”

मला विजेचा हा धडा कॉलेजात कुणी इतक्या सोप्या शब्दांत दिला नव्हता. गंजलेल्या जोडातून व्होल्टेज दिसतं, पण मोटरीने करंट मागितला की ते ढासळतं. जोर नसलेल्या नळाला तोंड बंद ठेवलं की दाब दिसतो, उघडलं की धार येत नाही, तसं. मात्र एक गोष्ट त्यांनी बजावली. डबीकडून निरोप घेऊन येणाऱ्या बारीक वायरींना हा बल्ब लावायचा नाही. तो एवढा करंट ओढतो की नाजूक सर्किट जळू शकतं. तिथे मीटर किंवा स्कॅनर. जुनं हत्यार कुठे चालतं आणि कुठे नाही, हे कळणं म्हणजेच त्यांच्या हाताखाली गेलेली तीस वर्षं.

दुखणं मधल्या खांबाच्या आतल्या कपलरमध्ये सापडलं. तिथे ओढ्याचा गाळ वाळून बसला होता आणि पिना हिरव्या पडल्या होत्या. मोटरीची पिन गंजून करंट अडवत होती. शेजारी ओलसर गाळातून दाराच्या स्विचची वायर अर्थला गळत होती, म्हणून डबीला दार कायम उघडं वाटत होतं. दोन्ही तक्रारींचं मूळ बोटाएवढ्या एका तुकड्यात होतं. पिना साफ केल्या, दोन बदलल्या, पुन्हा बल्ब लावला, लख्ख पेटला. बदललेली मोटर चांगली होती. आधीचीही चांगलीच होती.

वीज गेल्यावर दार कुणाचं?

दार बनवणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न सोडवावा लागतो: वीज गेली तर हे दार उघडं राहावं की बंद? तिजोरीचं दार बंदच राहायला हवं. माणसं बसतात त्या दाराचं उत्तर वेगळं असायला हवं. म्हणून बहुतेक गाड्यांत आतलं हँडल अजूनही तारेने किंवा दांड्याने थेट खटक्याला जोडलेलं असतं. बॅटरी मेली तरी ते चालतं. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर मात्र आतून चालत नाही. काही नव्या गाड्यांत खटकाच विजेवर असतो आणि हाताने उघडायची वाट वेगळी, कुठेतरी झाकणाखाली दिलेली असते.

बसमध्ये हा प्रश्न जास्त गंभीर होतो, कारण आत पन्नास माणसं असतात. डिसेंबर २००६मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. देशातला हा पहिला प्रयोग. २००७मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपी झाली. ३० ऑगस्ट २०१५ला रेनबो बीआरटी आली तेव्हा बसला उजवीकडेही दार आलं आणि स्टेशनला सरकती काचेची दारं. दोन दारांनी एकमेकांसमोर येऊन एकाच वेळी उघडायचं, ही कल्पना सुंदर होती. ती दारं बंद पडल्याच्या, कायमची उघडी राहिल्याच्या बातम्या मात्र पुणेकरांना नव्या नाहीत.

बसचं स्वयंचलित दार बहुधा हवेवर चालतं. ड्रायव्हर बटण दाबतो, विजेचा व्हॉल्व्ह उघडतो, दाबाखालची हवा दार ढकलते. दाराजवळ आणीबाणीचा खटका असतो. तो फिरवला की हवा निघून जाते आणि दार हाताने ढकलता येतं. वीज आणि हवा, दोन्ही गेल्या तरी माणसाच्या हातात काहीतरी उरतं. अशा बसमध्ये सहसा आणखी एक सोय असते: दार लागल्याचा निरोप आल्याशिवाय गाडी हलत नाही. हा निरोप देणारा स्विच धुळीने, धक्क्याने बिघडला की बस जागची हलत नाही आणि मागे प्रवासी ओरडत असतात. तेव्हा स्विचची दोन टोकं एका तुकड्याने जोडून टाकायचा मोह कुठल्याही वर्कशॉपला होऊ शकतो. बस चालू लागते. दार उघडं असलं तरी चालू लागते. बिघाड शोधणं आणि बिघाडाचं तोंड बंद करणं यांत दहा मिनिटांचा फरक असतो, आणि तो फरक फूटबोर्डवर उभा असलेला माणूस भरतो.

स्वारगेटच्या दारांबद्दल लिहिताना एक तारीख टाळता येत नाही. २५ फेब्रुवारी २०२५च्या पहाटे एसटी स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. तो गुन्हा माणसाने केला, तो कुठल्या वायरमुळे झाला नाही. पण त्यानंतर महाराष्ट्रभर एक प्रश्न विचारला गेला: उभ्या गाडीचं दार कुणाच्या ताब्यात असतं? ते बंद केलंय हे कोण बघतं, आणि आतल्या माणसाला ते उघडता येतं का? यातला कुठलाच प्रश्न विजेचा नाही, आणि वीज वापरून तो सुटलाही नव्हता. जुन्या चौकीवर निदान एक माणूस जागा असायचा, अशी आपली समजूत तरी आहे.

२९ सप्टेंबर २०२४ला स्वारगेटपर्यंत मेट्रो आली. आता जमिनीखाली, आंबिल ओढ्यापासून फार लांब नाही अशा जागी, डब्यांची दारं सुरावटीसह उघडतात. सवय होईल तसं आपण या दारांकडे बघणं सोडू. तोपर्यंत एवढं करून ठेवा. तुमच्या गाडीचं दार बॅटरी मेल्यावर आतून कसं उघडतं, ते एकदा उघडून बघा. चाइल्ड लॉकची खुंटी कुठे आहे ते शोधा, आणि मागे बसणाऱ्या आजीला तिची काच कुठल्या बटणाने खाली जाते ते दाखवा. बसमध्ये चढलात की आणीबाणीचा लाल खटका नजरेने हेरून ठेवा. आणि कुणी तुमच्या गाडीची मोटर बदलायला सांगितली, तर आधी त्याला विचारा, बल्ब लावून बघितला का?